लोखंडाचा रुसवा

आमचे घरमालक माणसांना 'अरे' म्हणत आणि ट्रॅक्टरला 'अहो' म्हणत. स्वतःच्या थोरल्या मुलाला, ज्याची मुलगी लग्नाला आली होती, ते भरल्या घरात 'ए बैला' अशी हाक मारीत. परंतु अंगणात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या, चाके मातीत रुतलेल्या त्या जुनाट ट्रॅक्टरशी बोलताना त्यांचा स्वर असा मऊ होई की, ऐकणाऱ्यास वाटावे, घरी कुणी वडीलधारे पाहुणे उतरले आहेत. मलाही तसेच वाटले होते. बोरीला त्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी संध्या आटोपून आसन घडी करीत होतो. बाहेरून आवाज आला, "कसं काय? रात्री झोप लागली का? जरा हलून बघता का? न्हाई? बरं, न्हाई तर न्हाई. बळजबरी न्हाई."

आपलीच विचारपूस चालली आहे अशा समजुतीने मी आतून उत्तर दिले, "ईश्वरकृपेने निद्रा उत्तम लागली."

मग ऐकू आले, "तुमाला न्हाई इचारलं, गुरुजी."

त्या वेळी मी शाळेतील संस्कृत-अध्यापनातून निवृत्त होऊन गावातल्या देवळात पूजा आणि सायंकाळचे प्रवचन सांभाळण्यासाठी येऊन राहिलो होतो. मला माझ्या शांत आणि सहनशील स्वभावाचा मोठा अभिमान होता. शांतपणाचा अभिमान बाळगणारा मनुष्य हा मौनव्रत घेतल्याची दवंडी पिटणाऱ्यासारखा असतो, हे मात्र माझ्या ध्यानी आले नव्हते. ते ध्यानी आणून देण्याचे कार्य त्या अंगणात, डिझेलच्या वासात यथासांग पार पडले.

ट्रॅक्टर परदेशी बनावटीचा होता. तो बनविणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. मालकांनी तो तिसऱ्या हाताने विकत घेतलेला. आणि मालकीणबाईंच्या, ज्यांना मी वहिनी म्हणत असे त्यांच्या, म्हणण्याप्रमाणे त्याने आयुष्यात जेवढी जमीन नांगरली तिच्याहून अधिक जागा दारात अडवली. पुढे एका पावसाळ्यात उभ्या धुराड्यातून पाणी आत गेले, इंजिनातले पिस्टन आपापल्या नळकांड्यांत गंजून घट्ट बसले, आणि त्यांच्यापाठोपाठ जे जे सुटण्यासारखे होते ते सारे अडकले. दुसऱ्या कुणीही त्याला मेलेला म्हटले असते. मालक म्हणत, "रुसलाय."

अडकलेल्या लोखंडाच्या त्यांनी जाती लावल्या होत्या. रुसलेले, माजलेले आणि मेलेले. "रुसलेल्याला तेल, माजलेल्याला ताप, अन् मेलेल्याला मूठमाती," असे त्यांचे सूत्र होते. सूत्ररचनेची मला जन्माची आवड. हे सूत्र ऐकून मी इतका प्रसन्न झालो की त्यावर भाष्य करू लागलो. साम, दान, दंड आणि भेद हे चार उपाय नीतिशास्त्रात कसे सांगितले आहेत आणि तेलाचा अंतर्भाव सामात करावा की दानात, याविषयी मी बराच वेळ बोललो. मालक तेवढ्या वेळात एका बोल्टवर तेलाचे थेंब सोडीत राहिले. माझे संपल्यावर त्यांनी बोल्टला विचारले, "ऐकलंत का? आता तरी सुटा. न्हाई तर पुन्हा सुरू व्हतील."

एवढी जातवारी लावूनही त्यांनी कोणत्याही भागाला 'मेला' असे म्हटलेले मी कधी ऐकले नाही. एका लहान हातोडीने ते अडकलेल्या जागी टकटक करीत आणि कान लावून ऐकत. रुसलेल्याचा आवाज बसका येतो, आत तेल पोचू लागले की तो मोकळा होतो, असे त्यांचे म्हणणे. एकदा त्यांनी मला कान लावायला सांगितले. मला माझ्याच कानातला गुणगुणाट तेवढा ऐकू आला, तरीही विद्वत्तेची लाज राखावी म्हणून मी डोळे मिटून म्हणालो, "होय, किंचित मोकळा नाद येतो आहे."

"मी अजून ठोकलंच न्हाई," मालक म्हणाले.

देवावर त्यांचा विश्वास नव्हता. निदान तसे ते मला रोज सकाळी सांगत. परंतु शनिवारी घरात लोखंड आणि तेल आणू नये, हा नियम ते ज्या कठोरपणे पाळीत तितका माझ्याकडून एकादशीचाही उपवास पाळला गेलेला नाही. मी या विसंगतीवर बोट ठेवले तेव्हा म्हणाले, "शनिदेव हाय का न्हाई ते तुमी बघा, गुरुजी. मला इतकंच ठावं हाय, शनिवारी आणलेला पाना आजपतूर एका नटाला नीट बसला न्हाई."

आता मुख्य गोष्ट. थोरल्या मुलाच्या मुलीचे लग्न ठरले. वहिनींनी निक्षून सांगितले की घरातली पहिली नात आहे. मांडव दारातच पडला पाहिजे, कार्यालयात नाही. दारात तर ट्रॅक्टर. मुलगा म्हणाला, भंगारवाल्याला बोलावतो, क्रेन लावून उचलून नेईल आणि तोडील. त्यावर मालकांनी दोन दिवस अन्न घेतले नाही. शेवटी तडजोड झाली, ती मुलानेच सर्वांसमक्ष बोलून दाखविली: "आबा, मांडवाचे खांब रोवायच्या आत तो सोताच्या इंजिनावर चालत दाराबाहेर गेला, तर खुशाल शेतातल्या शेडात ठेवा. ओढून न्यायची पाळी आली तर मग भंगार. कबूल?"

"कबूल," मालक म्हणाले, आणि थेट माझ्या खोलीत आले. कारण खांब केव्हा रोवायचे हे लग्नाच्या तिथीवर अवलंबून, आणि तिथी काढणारा मी.

"गुरुजी, पंचांग काढा. ऐकतो, वैशाखातला मुहूर्त काढलाय तुमी?"

"होय. शुद्ध पक्षातला आहे. अत्यंत निर्दोष."

"लय लवकर व्हायलंय ते. ज्येष्ठात न्हाई का एखादा? थोडा दोषाचा असला तरी चालंल."

मी त्यांना समजावले की वधू घरातली ज्येष्ठ, वर त्याच्या घरातला ज्येष्ठ. त्यात ज्येष्ठ महिना आला तर तीन ज्येष्ठ एकत्र येतात आणि ते शास्त्राने वर्ज्य मानले आहे.

"मग पोरीला धाकटी समजा की."

"असे समजता येत नाही, मालक."

"कामून? मी ह्या ट्रॅक्टरला जिता समजायलोय का न्हाई?"

मुहूर्त मी तरीही बदलला नाही. हे मी मोठ्या धैर्याने केले अशी त्या दिवशी माझी समजूत होती. मालक उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "ठीक हाय. मुहूर्त तुमी काढला, आता नट पण तुमीच काढायचे. धोतर वर खोवा."

अशा रीतीने उभे आयुष्य व्याकरणात घालवलेला मी त्या इंजिनाच्या सेवेत रुजू झालो.

पिस्टन सोडवायचे तर आधी त्यांच्यावरचे जड झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते काढावे लागते. आणि हेड काढायचे तर त्याच्या भोवतीचे सगळे नट. पहिल्या दिवशी मालकांनी एका नटावर पाना बसवून दिला, "हळूहळू जोर लावा, उगं झटका देऊ नका," असे सांगितले आणि लांब दांड्याचा दुसरा पाना मिळतो का पाहायला वालूरला निघून गेले. कोणत्या दिशेने जोर लावायचा, ते त्यांनी सांगितले नाही. जगातल्या कुठल्याही मनुष्याला ते सांगावे लागेल असे त्यांना वाटले नसावे.

माझा हात जन्मभर एकाच दिशेने फिरला आहे. आरती फिरवायची ती तशीच, प्रदक्षिणा घालायची ती तशीच, सहाणेवर चंदन उगाळायचे तेही तसेच. त्या सवयीनेच मी पाना उजवीकडे फिरवू लागलो. नट किंचित हलला. मला कृतकृत्य वाटले. मग तो हलेनासा झाला, तेव्हा मी इष्टदेवतेचे स्मरण करून सर्व शक्ती लावली. वहिनींनी ओसरीवरून पाहिले आणि कौतुकाने माझ्यासाठी ताक पाठवले. ते पिऊन मी पुन्हा जोर लावला.

दुपार उतरल्यावर मालक परतले. "सुटला का?"

"पूर्ण नाही. परंतु बराच हलला."

"कुणीकडं?"

मी हाताने दाखवले. मालक ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसले. त्यांना रडू आले आहे असे मला वाटले; पण ते हसत होते.

"अहो गुरुजी, तुमी तर लगीन लावून दिलं की त्याचं! आपल्याला काडीमोड करायचा होता!"

ओसरीवरून वहिनी म्हणाल्या, "त्यांना दुसरं काय येतंय? जलमभर लग्नंच लावली त्यांनी."

दुसऱ्या दिवशी मालकांनी माझा हात धरून डावीकडे फिरवला. मला ते जमेना. हातात बळ होते, पण मन मागे ओढी. जणू देवळात मी एकटाच उलटा फिरत आहे आणि सगळे गाव पाहत आहे. मी ते प्रांजळपणे सांगितले.

"मग काय करायचं? ह्यो नट तुमच्यासाठी सोवळं नेसून येणाराय का?"

विचार करता करता मला एक तोडगा सुचला. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालीत नाहीत. अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडते, ती ओलांडायची नसते. तिथपर्यंत जायचे आणि आल्या वाटेने परतायचे. म्हणजे उलट फिरणे तिथे निषिद्ध तर नाहीच, उलट विहित आहे. मी म्हणालो, "मालक, आपण महादेवाच्या प्रदक्षिणेसारखे करू. प्रथम किंचित उजवीकडे, मग तितकेच डावीकडे. मग माझे मन आडवे येणार नाही."

मालकांनी माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिले. मग नटावर तेल सोडले, मी घट्ट केलेला तो नट अजून केसभर घट्ट केला, परत फिरवला. पुन्हा केसभर पुढे, पुन्हा मागे. असे करता करता आतून कुरकुर आवाज आला, आट्यांमधून तांबडा गंज तेलाबरोबर बाहेर आला आणि नट सुटला.

मी हर्षभराने त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "हे मला आधीपासनं ठावं होतं. तुमच्या महादेवाची फक्त साक्ष काढली." पुढे ही कथा ते गावभर सांगत, तेव्हा तिच्यात महादेव असे, नट असे, माझे लग्न लावणेही असे, तोडगा मात्र त्यांचा असे. मीही कधी दुरुस्ती केली नाही. शास्त्राचा असा उपयोग करणारा मनुष्य म्हणून ओळखले जाण्याची मला फारशी इच्छा नव्हती.

हेड निघाले. आत पिस्टन तांबूस, खवले धरून बसलेले. मालकांनी त्यांच्यावर डिझेल आणि रॉकेलचे मिश्रण ओतले आणि ते मुरू देत ठेवले. कधी एखादी जागा स्टोव्हच्या ज्योतीने तापवायची असे. त्यांच्या हाताला घड्याळ नव्हते. ते माझ्या पाठांतरावर वेळ मोजू लागले. "गुरुजी, ह्याला एक ल्हानं स्तोत्र ताप द्या." "ह्याला मोठं लागंल, ते सकाळचं म्हणता ते." एकदा मी भक्तिभाराने जरा सावकाश म्हटले, तर ओरडले, "जल्दी, जल्दी! लाल व्हायलंय ते!" देवाचे नाव घाईने घेण्याचे ते माझ्या आयुष्यातले पहिलेच उदाहरण. दुसरे घडायला फार दिवस लागले नाहीत.

माझी अवस्था अशी झाली की कितीही स्नान केले तरी अंगाचा वास जाईना. त्याच दिवसांत देवळात मी यज्ञातल्या हविर्गंधाने आसमंत कसा पवित्र होतो याचे निरूपण करीत होतो. पुढच्या ओळीतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. मला वाटले, भावनावेग आहे. शेवटी एक वृद्ध श्रोते उठून म्हणाले, "महाराज, थांबा जरा. कुठंतरी टाकी गळायलीय."

वहिनींना या सगळ्याचा राग होता. तो त्या लपवीत नसत. एके दिवशी मालक पिस्टनवर वाकून, बाभळीच्या लाकडाचा ठोकळा ठेवून, त्यावर हलके ठोके देत "या आता, पुरे झाला रुसवा, घरात कार्य हाय" अशी मनधरणी करीत होते. वहिनी चहा घेऊन आल्या, कप माझ्या हातात दिला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, तुमी एवढी पोथ्या-पुराणं वाचली. मला एक सांगा. मी ह्यांच्या घरात आल्यापासनं किती येळा रुसले असंल? एकदा तरी माझा रुसवा काढला का ह्यांनी? एक तेलाचा थेंब न्हाई कधी. अन् ह्या मुडद्यासंगं बघा, कसं गोड बोलायलेत."

मी चहाच्या कपात पाहू लागलो. अशा प्रसंगी काय म्हणावे, हे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही; किंवा असेल, तर मी अविवाहित राहिल्यामुळे ते प्रकरण वाचायचे सोडून दिले असेल. मालकांनी मान वर केली नाही. पण पुढचे काही ठोके चुकीच्या जागी पडले.

ठोकळ्याने पिस्टन हलला नाही. लग्नासाठी पाहुणे येऊ लागले. मुलाने भंगारवाल्याला निरोप दिला. तेव्हा मालकांनी शेवटचा उपाय काढला. ट्रॅक्टर नाक घराकडे करून उभा होता. अंगणाला घराकडे उतार, म्हणून तो घसरू नये यासाठी पूर्वी केव्हातरी मागे जाण्याच्या गिअरमध्ये टाकून ठेवलेला. गिअर त्याच जागी अडकला होता. मालक म्हणाले, हा अडकलेला गिअरच कामाला येईल. चाके हलवली की गिअरमधून ती ओढ इंजिनापर्यंत जाईल आणि पिस्टनला खालून धक्का बसेल. त्यांनी चाके उकरून काढली, टायरांत हवा भरून आणली, पाहुण्यांना जेवणावरून उठवून चाकांशी लावले. मला मागच्या मोठ्या चाकाशी.

"एक वीत पुढं! आता एक वीत मागं! जोर नको, झोका द्या!"

पाळणा हलवावा तसा तो ट्रॅक्टर आम्ही हलवीत राहिलो. एका क्षणी आतून, खूप दिवस बोलला नाही असा मनुष्य खाकरावा तसा आवाज आला, चाक एकदम पुढे गेले आणि मी मागच्या मागे तेल-मातीच्या चिखलात बसलो. कुणी मला उठवले नाही. सगळे मालकांकडे पाहत होते. ते डोळे मिटून, दोन्ही हात जोडून उभे होते.

मी चिखलातूनच विचारले, "कोणाला नमस्कार करता आहात, मालक?"

"हात पुसायलोय," ते म्हणाले.

पुढे पिस्टन बाहेर निघाले, घासून-पुसून परत बसले. हेडखाली घालायची तांब्याची पातळ चकती परभणीहून करून आणायची होती, त्यासाठी मला धाडण्यात आले. दुकानात त्या वस्तूचे नाव ऐन वेळी आठवेना, तेव्हा मी "शिरोभागाखाली जो ताम्रपट अंथरतात तो" असे वर्णन केले. दुकानदाराने मला कुठले तरी ऐतिहासिक संशोधन करणारे समजून बसायला खुर्ची दिली. चकती मिळाली, पण मी बोरीस परतलो तो शनिवार होता. मालकांनी मला फाटकाबाहेरच अडवले.

"तांबे आहे ते मालक, लोखंड नव्हे," मी शास्त्रार्थ केला.

त्यांनी चकतीवरून बोट फिरवून मला दाखवले. "तेल लागलंय की."

आयुष्यभर गावाला नियम-धर्म सांगणारा मी फाटकाबाहेर उभा राहून एका नास्तिकाला शिथिलतेचे महत्त्व पटवीत होतो. पटले नाही. चकती रात्रभर बाहेरच्या लिंबाच्या झाडाला टांगून ठेवली आणि एक दिवस वाया गेला.

त्यामुळे असे झाले की, इंजिन जुळून तयार झाले त्याच सकाळी मांडववाले खांब आणि पहारी घेऊन दारात आले, आणि त्यांच्यामागे भंगारवाल्याची गाडी. गिअर तेवढा अजून जागचा हलला नव्हता. मालकांनी त्याला तेल दिले होते, ताप दिला होता, विनवण्या केल्या होत्या. पण वेळ संपली होती.

"आबा," मुलगा म्हणाला, "आता नाद सोडा."

मालकांनी अडकलेल्या गिअरपासून इंजिन सुटे राहावे म्हणून क्लचचे पेडल लाकडी टेकूने दाबून ठेवले, पुढे जाऊन हँडल बसवले आणि फिरवले. काही झाले नाही. पुन्हा फिरवले. पाहुणे, मांडववाले, भंगारवाला सगळे पाहत होते. मी घाईघाईने देवाचे नाव घेत होतो. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, ते आता सांगता येत नाही. धुराड्यातून काळ्या धुराचा गोळा निघाला, तो माझ्या नव्या उपरण्यावर बसला, आणि इंजिन धडधडू लागले.

मालक वर चढून बसले. त्यांनी टेकू काढला, पाय हळूच सैल सोडला. ट्रॅक्टर थरथरला आणि मागे सरकला.

"आबा, हे तर उलटंच जायलंय!"

"दाराबाहेर जायाचंय ना त्याला? मग तोंड कुणीकडं का असंना!" मालक ओरडले. "तू काय म्हणला होतास? सोताच्या इंजिनावर चालत. सुलट चालत, असं म्हणला होतास का?"

मुलाने भंगारवाल्याकडे पाहिले. भंगारवाला म्हणाला, "चालायलाय तर खरं, शेठ."

मालकांची मान आखडलेली असे, त्यांना मागे वळून पाहता येत नव्हते. "गुरुजी, मागं व्हा अन् मला रस्ता सांगा." मी धावत फाटकात जाऊन उभा राहिलो. अवजड वाहनाला दिशा दाखवण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग.

"किंचित वामभागी घ्यावे!"

"डावं म्हणा का उजवं म्हणा, पर जल्दी म्हणा!"

"डावे! डावे! नाही, माझे डावे! म्हणजे आपलेही डावेच!"

फाटकाच्या खांबाचा थोडा चुना गेला, परंतु ट्रॅक्टर गल्लीत आला. मालक कठड्यासारखे ताठ बसले होते, तोंड घराकडे, आणि जन्मात कुणाचे न ऐकणारे ते गृहस्थ माझ्या एकेका शब्दावर मागे मागे येत होते.

अंगणात, ट्रॅक्टर जिथे इतकी वर्षे उभा होता तिथे, तेलाचा मोठा काळा डाग आणि पाचोळा उरला होता. मांडववाल्यांपैकी एकाने खराटा उचलला आणि तो झाडायला लागला. ओसरीवरून वहिनी खाली उतरल्या.

"थांब. खराटा ठिव."

"मावशी, खांब रोवायचेत. उशीर व्हायलाय."

"होऊ दे. जाणारा नजरेआड झाल्याबिगर दारात झाडू मारायचा नसतो. ठाऊक न्हाई का तुला?"

इंजिनाच्या आवाजावरून ऐकू जावे म्हणून त्यांना हे ओरडून सांगावे लागले. त्यामुळे ते साऱ्या गल्लीने ऐकले. मुलगा काहीतरी बोलायला गेला. वहिनींनी हात वर करून त्याला गप्प केले, मांडववाल्याच्या हातातून खराटा काढून घेतला आणि तो धरून त्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या.

मालकांचे तोंड तिकडेच होते. आम्ही गल्लीतून थोडे मागे आलो. मग त्यांनी विचारले, "गुरुजी, वळण कुठं हाय?"

"आलेच की. चार हातांवर आहे. तिथे वळले की घर नजरेआड," मी उत्साहाने म्हणालो. मला लवकर शेतावर पोचून स्नान करायचे होते.

"असं व्हय," मालक म्हणाले, आणि त्यांनी वेग कमी केला. इतका कमी, की मी दोनदा मागे वळून वळणाकडे पाहिले आणि दोन्ही वेळा ते तेवढेच दूर होते. "मालक, रस्ता मोकळा आहे, या, या," असे मी हातवारे करून सांगत राहिलो. मला वाटले, त्यांना ऐकू येत नाही.